तारखेचा साक्षीदार

जुन्या मराठी कागदपत्रांत दिवसाचा निर्देश करतांना आपले पूर्वज किती सावध असत, हें पाहण्यासारखें आहे. शक, संवत्सर, मास, पक्ष, तिथि आणि शेवटीं वार, इतकी सामग्री मांडल्यावांचून कागद पुरा झाला असें त्यांस वाटत नसे. आज आपण तेंच काम आठ आंकड्यांत उरकतों, आणि त्यांत वार लिहिण्याचें आपणांस सहसा सुचत नाहीं. तारीख मिळाली म्हणजे काम भागलें, वार ही केवळ शोभेची वस्तु, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. आमच्या मतें ही समजूत बरोबर नाहीं. वार हा तारखेचा साक्षीदार आहे. आणि साक्ष न घेतां निकाल देणें जितकें अयोग्य, तितकेंच वाराशीं ताडून न पाहतां जुनी तारीख खरी मानणें अयोग्य होय.

हा विषय आज काढण्याचें कारण असें कीं, हल्लीं घरोघर एक स्तुत्य उद्योग सुरू झाला आहे. आमच्या वसमत गांवींच पाहावें. येथील जुन्या वाड्यांतून, माळ्यावरील पेट्यांतून, आजोबा-पणजोबांच्या टांचणवह्या, जमाखर्चाच्या चोपड्या, जन्मपत्रिका आणि निजामाच्या अमदानींतील दस्तऐवज पडून आहेत. पुण्यास किंवा हैदराबादेस नोकरी करणारीं नातवंडें सुटींत घरीं आलीं म्हणजे त्या वह्या काढतात, आणि कुटुंबांतील जन्म, विवाह व मृत्यु यांच्या नोंदी संगणकावरील कोष्टकांत, ज्यास स्प्रेडशीट म्हणतात त्यांत, उतरवून घेतात. तारीख लिहिली कीं शेजारच्या घरांत वाराचें नांव आपोआप उमटतें. वडील मंडळी तें पाहून थक्क होतात, आणि तें साहजिकच आहे. परंतु या सोयीमुळें एक अनिष्ट गोष्ट घडूं लागली आहे. यंत्र वार देतेंच आहे, मग वहींतील वार पुन्हां कशाला लिहावा, असें म्हणून मुलें तो गाळतात. वही जीर्ण झालेली असते; नक्कल झाली म्हणजे ती कोठें तरी पडते; आणि तिच्याबरोबर एक साक्षीदार कायमचा नाहींसा होतो. हें टळावें, आणि टाळण्याचा उपाय त्याच यंत्राकडून करून घेतां यावा, एवढ्यासाठीं हा लेख आहे.

प्रथम, वाराच्या साक्षीस इतकें महत्त्व कां, तें पाहूं. तिथीचा क्षय होतो, वृद्धि होते. महिना अधिक येतो. सनांचे तर शालिवाहन, विक्रम, फसली, हिजरी, इसवी असे अनेक प्रकार. वारांची सांखळी मात्र या सर्वांच्या पलीकडची आहे. पोप तेरावा ग्रेगरी यानें इ. स. १५८२ मध्यें कालगणना सुधारली, तेव्हां ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशीं १५ ऑक्टोबर आला. पण ४ तारखेस गुरुवार होता आणि १५ तारखेस शुक्रवारच झाला. इंग्लंडनें हीच सुधारणा १७५२ सालीं केली. तेव्हां २ सप्टेंबरच्या बुधवारानंतर १४ सप्टेंबरचा गुरुवार आला. तारखा उडाल्या, वार उडाला नाहीं. त्यामुळें एखादी तारीख चुकीची लिहिली गेली, तर त्या चुकीच्या तारखेसहि नेमका तोच वार असण्याचा संभव साधारणतः सातांत एक. म्हणजे सातांपैकीं सहा चुका एकटा वार पकडून देतो. एवढा स्वस्त आणि एवढा निःस्पृह परीक्षक दुसरा मिळणार नाहीं.

आपल्या ज्योतिर्विदांस ही गोष्ट पूर्णपणें ठाऊक होती. ग्रहगणिताचा आरंभ अहर्गणानें होतो. अहर्गण म्हणजे एका ठरीव दिवसापासून इष्ट दिवसापर्यंत गेलेल्या दिवसांची संख्या. तिला सातांनीं भागून जी बाकी उरेल ती रवीपासून मोजली असतां वाराचा स्वामी कळतो, असें सूर्यसिद्धान्तांत सांगितलें आहे. कोंकणांतील नांदगांवच्या गणेश दैवज्ञांनीं शके १४४२ हें आरंभवर्ष धरून ग्रहलाघव रचिला; त्यांत मोठे आंकडे टाळण्यासाठीं अकरा वर्षांचें एक चक्र कल्पिलें आहे. अशा करणग्रंथांवरून अहर्गण काढतांना एखाद्या दिवसाचें अंतर पडूं शकतें. म्हणून गणितानें आलेला वार प्रत्यक्ष वाराशीं ताडून पाहावा, आणि न जुळल्यास एक मिळवून किंवा वजा करून अहर्गण नीट करून घ्यावा, असा परिपाठ आहे. गणित कितीहि शुद्ध असो, शेवटची सही वाराची.

या साक्षीचा एक मोठा विजय आपल्या एका मराठी शिक्षकाच्या नांवावर आहे. मध्य प्रदेशांतील सागर जिल्ह्यांत एरण येथें बुधगुप्त राजाच्या काळचा एक स्तंभलेख आहे. त्यांत १६५ हें वर्ष, आषाढ शुक्ल द्वादशी आणि गुरुवार असा उल्लेख आहे. तें वर्ष गुप्त संवताचें. पण त्या संवताचा आरंभ केव्हां धरावयाचा, यावर गेल्या शतकाच्याहि मागील शतकांत विद्वानांचा मोठा वाद होता. कोणी तो इ. स. ७८ च्या सुमारास नेत, कोणी १६६ च्या. जॉन फ्लीट यांनीं गुप्त लेखांचा ग्रंथ १८८८ सालीं प्रसिद्ध केला, त्यासाठीं शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनीं तिथीचें आणि वाराचें गणित करून दिलें. एरणच्या लेखाचा दिवस २१ जून ४८४ ठरला आणि त्या दिवशीं गुरुवारच आला. गुप्त संवताचा आरंभ इ. स. ३१९-२० च्या सुमाराचा, या मतास त्यामुळें बळकट आधार मिळाला. शाळेंत शिकवीत ज्योतिषाचा व्यासंग करणारे, आणि १८९६ सालीं ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ महाराष्ट्रास देणारे दीक्षित १८९८ सालीं वारले. दगडावर कोरणाऱ्यानें तो एक वार कोरला नसता, तर त्यांच्या गणितास ताळा कोठून मिळता?

आतां यंत्राकडे वळूं. त्याची रीत आपणांस परकी वाटण्याचें कारण नाहीं. तें अहर्गणच मोजतें. एक्सेल या कोष्टकांत १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरलेला असून पुढील प्रत्येक दिवसास एकेक वाढता क्रमांक आहे. आपणांस घरांत तारीख दिसते, यंत्राच्या पोटांत असतो तो क्रमांक. मराठवाडा मुक्त झाला तो १७ सप्टेंबर १९४८ हा दिवस घ्या. त्याचा क्रमांक १७७९३. त्यास ७ नीं भागिलें असतां भागाकार २५४१ येतो आणि बाकी ६ उरते. रविवार १ धरून मोजल्यास सहावा शुक्रवार. आणि त्या दिवशीं शुक्रवारच होता. परभणी जिल्ह्यांतून आमचें वसमत ज्या दिवशीं नव्या हिंगोली जिल्ह्यांत गेलें तो १ मे १९९९. त्याचा क्रमांक ३६२८१. सातांनीं नि:शेष भाग जातो. बाकी शून्य म्हणजे शनिवार. सूर्यसिद्धान्ताची रवीपासून मोजण्याची रीत येथें जशीच्या तशी लागू पडते, हें पाहून संस्कृतज्ञ वाचकांस मौज वाटेल.

हें सारें यंत्र एका सूत्रानें करतें. खालील सूत्रांतील इंग्रजी शब्द व अक्षरें आम्हीं उच्चाराप्रमाणें नागरींत छापलीं आहेत. यंत्रावर तीं रोमन अक्षरांतच उमटवावीं. ‘ए२’ म्हणजे पहिल्या रकान्याच्या दुसऱ्या ओळींतील घर. त्या घरांत तारीख असेल, तर

=टेक्स्ट(ए२,"डीडीडीडी")

या सूत्रानें वाराचें पूर्ण नांव मिळतें. अवतरणांतील ‘डी’ हें अक्षर चारदां लिहावें. तीनदां लिहिल्यास नांव संक्षिप्त येतें. परंतु हें नांव बहुधा इंग्रजींत येईल. मराठी नांव हवें असल्यास आमच्या मतें पुढील सूत्र सर्वांत खात्रीचें, कारण त्यांतील शब्द आपणच पुरविलेले असतात:

=चूज(वीकडे(ए२),"रविवार","सोमवार","मंगळवार","बुधवार","गुरुवार","शुक्रवार","शनिवार")

‘वीकडे’ हें पद तारखेवरून १ ते ७ पर्यंतचा आंकडा देतें, त्यांत रविवार १. आणि ‘चूज’ हें पद त्या क्रमांकाचें नांव यादींतून उचलतें. नांवांचा क्रम बदलूं नये, एवढेंच पथ्य.

येथपर्यंत तरुण मंडळींस बहुधा ठाऊक असतेंच. आमची सूचना यापुढची आहे. कोष्टकांत वाराचा एक रकाना न ठेवतां दोन ठेवावेत. पहिल्या रकान्यांत, म्हणजे ए मध्यें, व्यक्तीचें नांव. बी मध्यें वहींतील नोंद अक्षरशः जशी असेल तशी. सी मध्यें यंत्रास समजेल अशी तारीख. डी मध्यें वहींत लिहिलेला वार. आणि ई मध्यें सूत्रानें आलेला वार, ज्यासाठीं वरील सूत्रांत ‘ए२’ च्या जागीं ‘सी२’ लिहावें. मग एफ मध्यें पुढील सूत्र घालावें:

=इफ(डी२=ई२,"जुळतो","तपासावा")

डी रकान्यांत वाराचें चालू नांवच लिहावें, नाहीं तर यंत्रास तें ओळखतां येणार नाहीं. जुन्या लेखनांत आदितवार किंवा भानुवासर म्हणजे रविवार, इंदुवासर म्हणजे सोमवार, भौमवासर म्हणजे मंगळवार, सौम्यवासर म्हणजे बुधवार, बृहस्पतिवार म्हणजे गुरुवार, भृगुवासर म्हणजे शुक्रवार आणि मंदवासर म्हणजे शनिवार. सौम्यवासर पाहून सोमवार लिहिण्याचा मोह नव्या पिढीस होतो, तो टाळावा. मूळ शब्द बी मध्यें राहतोच, म्हणून कांहींहि गमावत नाहीं.

या दोन रकान्यांचें मोल काय, तें आमच्या परिचयाच्या एका घरच्या गोष्टीवरून ध्यानांत येईल. त्या घरांतील वडिलांच्या मृत्यूची तिथि सांगणारें कोणी उरलें नव्हतें. होती ती एक चोपडी, आणि तींत ‘९-७-४८, शुक्रवार’ एवढीच नोंद. नातवानें ती संगणकावर घेतली. यंत्रानें मृत्युदिन दाखविला तो ७ सप्टेंबर १९४८. मग घरांत एक कथा तयार होऊं लागली: आजोबा मुक्तीच्या अवघे दहा दिवस आधीं गेले, रझाकारांच्या धामधुमींत गेले, त्यांस स्वातंत्र्य पाहावयास मिळालें नाहीं. कथा हृदयस्पर्शी होती, आणि वर्षश्राद्ध भाद्रपदांत करावें असेंहि ठरूं लागलें. परंतु त्या मुलाच्या आत्यानें आग्रह धरून वहींतील वार शेजारीं लिहावयास लाविला. वहींत शुक्रवार, यंत्रांत मंगळवार! शोध करतां उलगडा झाला. यंत्राची मांडणी अमेरिकन पद्धतीची होती. त्या पद्धतींत महिना आधीं आणि दिवस मागून. चोपडींत लिहिलें होतें ९ जुलै, यंत्रानें वाचलें ७ सप्टेंबर. ९ जुलै १९४८ रोजीं शुक्रवारच होता. मृत्यु आषाढ शुद्ध पक्षांतला, आणि श्राद्ध होणार होतें भाद्रपदांत! एका वारानें दोन महिन्यांचा घोटाळा निस्तरला. तो वार गाळला असता, तर कोष्टकांत मंगळवार अगदीं सुबकपणें छापून आला असता आणि पुढच्या पिढीनें तोच प्रमाण मानिला असता. सूत्रानें आलेला वार लिहिलेल्या तारखेची री ओढतो. तिची परीक्षा करीत नाहीं. परीक्षा करणारा वार बाहेरचाच हवा.

आतां एफ रकान्यांत ‘तपासावा’ असें आलें म्हणजे काय करावें? तारीख खोटी, असा निकाल लगेच देऊं नये. तपासणीचा एक क्रम असावा.

पहिली शंका मांडणीची. दिवस व महिना यांची अदलाबदल झाली आहे काय, तें पाहावें. ही शंका समूळ घालवावयाची असल्यास तारीख ‘=डेट(१९४८,७,९)’ अशी वर्ष, महिना, दिवस या क्रमानें द्यावी; मग यंत्रास तर्क करण्यास जागा उरत नाहीं. वर्ष नेहमीं चार आंकडी लिहावें; दोनच आंकडे दिल्यास शतक कोणतें तें यंत्र आपल्या मनानें ठरवितें, आणि १९२५ सालीं जन्मलेल्या पणजीबाई २०२५ सालीं जन्म घेतात. तसेंच लिहिलेली तारीख घराच्या डाव्या कडेस चिकटून बसली, तर यंत्रानें ती बहुधा तारीख म्हणून न घेतां नुसती अक्षरें म्हणून घेतली आहे, असें समजावें.

दुसरी शंका सूर्योदयाची. इंग्रजी दिवस मध्यरात्रीं पालटतो. आपला वार सूर्योदयीं पालटतो. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे चारच्या सुमारास झाला. यंत्र त्या तारखेस गुरुवार म्हणेल, आणि इंग्रजी हिशेबानें तें खरें आहे. परंतु गणपतिविसर्जन करून निजलेल्या त्या गांवांस पंचांगाप्रमाणें तो बुधवारच होता, कारण सूर्य उगवावयाचा होता. पहांटे जन्मलेल्या मुलाच्या पत्रिकेंत आदला वार दिसतो तो याच कारणानें. अशा नोंदींपुरतें ‘वीकडे(सी२-१)’ असें लिहून एक दिवस मागें घ्यावा. वहींतील वार आणि यंत्रांतील वार यांत नेमकें एकाचें अंतर असेल, तर जन्मवेळ पहिल्यानें पाहावी.

तिसरी शंका एकोणिसाव्या शतकाची. एक्सेल १९०० च्या पूर्वींचा काळ ओळखीत नाहीं. शिवाय त्यांत एक जुना दोष राहून गेला आहे: १९०० हें वर्ष लीप नसतां त्यांत २९ फेब्रुवारी धरिली आहे. १९८३ सालच्या लोटस या कोष्टकांतील ही चूक, जुन्या फायली चालाव्यात म्हणून, पुढें तशीच ठेवण्यांत आली. त्यामुळें १ जानेवारी १९०० रोजीं सोमवार असतां एक्सेल रविवार दाखवितें. १ मार्च १९०० पासून पुढें वार बरोबर येतात. लोकमान्य टिळकांची जन्मतारीख २३ जुलै १८५६ ही ‘=डेट(१८५६,७,२३)’ अशी दिली, तर एक्सेल त्या वर्षांत मुकाट्यानें १९०० मिळवून इ. स. ३७५६ सालचा वार देतें, आणि तो शुक्रवार येतो! खरा वार बुधवार. येथें एक सोपी युक्ति आहे. ग्रेगरीच्या पद्धतींत ४०० वर्षांचे १४६०९७ दिवस होतात आणि त्यांस सातांनीं नि:शेष भाग जातो. म्हणून ४०० वर्षांनीं तेच वार त्याच तारखांस फिरून येतात. सूत्रांत १८५६ च्या ऐवजीं २२५६ लिहावें, बुधवार मिळेल.

चौथी शंका त्याहूनहि जुन्या काळाची. लिबरऑफिस कॅल्क हें कोष्टक फार जुन्या तारखाहि स्वीकारतें. त्यांत शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख घातल्यास वार येतो बुधवार. आपल्या इतिहासांत मात्र तो दिवस ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, शनिवार असा आहे. मग इतिहास चुकला काय? मुळींच नाहीं. इंग्रज त्या वेळीं जुनी ज्युलियन गणना पाळीत. ६ जून ही तारीख त्या गणनेची, आणि यंत्र हिशेब करतें नव्या गणनेनें. त्या शतकांत दोहोंत दहा दिवसांचें अंतर होतें. १६ जून १६७४ लिहून पाहावें, शनिवार येतो. मार्च १७०० पासून १७५२ पर्यंत हें अंतर अकरा दिवसांचें धरावें. याच प्रसंगाची दुसरी गंमत अशी कीं, जेधे शकावलींत राज्यारोहणाची नोंद ज्येष्ठ शुद्ध द्वादशी, शुक्रवार अशी असून तीन घटका रात्र उरली असतां तें झाल्याचें म्हटलें आहे. तीन घटका म्हणजे सुमारें ७२ मिनिटें. सूर्योदय झाला नव्हता, म्हणून वार शुक्रवारच. बुधवार, शुक्रवार आणि शनिवार हे तीन वार एकमेकांवर तुटून पडल्यासारखे दिसतात. पण प्रत्येकाची गणना कोणती, हें विचारलें म्हणजे तिघेहि आपआपल्या ठिकाणीं खरे ठरतात. उलट पानिपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ चा, म्हणजे इंग्रजी सुधारणेनंतरचा. पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, बुधवार. यंत्रहि कांहीं न बदलतां बुधवारच देतें.

पांचवी शंका आम्हां मराठवाड्याच्या लोकांची खास आहे. निजामाच्या राज्यांतील सरकारी कागदांवर फसली सन असे. त्याचें वर्ष ऑक्टोबरच्या आरंभीं सुरू होई आणि महिने आजूर, दै, बहमन, इस्फंदार अशा फारसी नांवांचे असत. फसली सनांत ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांसाठीं ५९०, आणि जानेवारीपासून पुढें वर्ष संपेपर्यंत ५९१ मिळविले म्हणजे इसवी सन येतो. उदाहरणार्थ, जहागिरी नष्ट करणारा हैदराबादचा कायदा १३५८ फसलीचा. तो अमलांत आला १५ ऑगस्ट १९४९ रोजीं. सरसकट ५९० मिळविल्यास एक वर्षाची चूक होते. एका वर्षानें वार एक घर पुढें सरकतो, मध्यें लीप वर्षाचा जादा दिवस आला तर दोन. तेव्हां ही चूकहि वार लपूं देत नाहीं. आजोबांच्या जमिनीचा कागद वाचतांना हें विशेष ध्यानांत ठेवावें. वाटणी आधींची कीं नंतरची, हा प्रश्न कित्येक घरांत एका वर्षावर अडलेला असतो.

इतकें करूनहि दोन वार जुळले नाहींत, तर दोन्ही तसेच ठेवावेत. एक खोडून दुसरा कायम करण्याची घाई करूं नये. आज न सुटलेलें कोडें उद्यां दुसऱ्या एखाद्या पत्रावरून सुटेल. पण खोडलेला पुरावा परत येत नाहीं.

शेवटीं, ज्या घरांत अशी वहीच नाहीं, त्यांच्याविषयीं दोन शब्द. आमचें आयुष्य शिक्षकाच्या पेशांत गेलें, आणि शाळेच्या दाखलखारिज रजिस्टरांत १ जून ही जन्मतारीख पानेंच्या पानें भरलेली आम्हीं पाहिली आहे. घरीं तारखेची नोंद नसे, शाळा जूनमध्यें भरे, आईबाप वय अदमासें सांगत, आणि तेवढ्यावरून ती तारीख पडे. सरकारी कामांत तीच चालत आली आहे व तिला हात लावण्याचें कारण नाहीं. परंतु त्या तारखेपुढें सूत्र घातलें, तर यंत्र तितक्याच ऐटींत एक वार दाखवील, आणि घरचीं मुलें समजतील कीं आजीचा जन्मवार सांपडला! कल्पित तारखेचा वारहि कल्पितच. आजीला विचारावें. ती म्हणेल कीं, आपला जन्म श्रावणांतल्या शुक्रवारचा, घरांत जिवतीची पूजा चालली होती. झालें, १ जून कोणत्याहि वर्षीं श्रावणांत येत नाहीं. वर्षाचा अंदाज असेल, तर त्या श्रावणांतले शुक्रवार चार किंवा पांच; सूत्रानें ते घटकेंत निघतात. पत्रिकेंतील किंवा आठवणींतील जन्मनक्षत्र ठाऊक असेल, तर जुन्या पंचांगावरून त्यांपैकीं बहुधा एकच शिल्लक राहतो. षष्ट्यब्दी किंवा सहस्रचंद्रदर्शन खऱ्या वयास करावयाचें असेल, तर घरापुरती ही तारीख शाळेच्या तारखेहून अधिक विश्वसनीय होय.

वृद्धांच्या स्मृतींत आंकडे फार टिकत नाहींत, वार टिकतो. कारण वाराशीं त्यांचे उपवास बांधलेले, बाजार बांधलेला, मारुतीचें दर्शन आणि गुरुवारची आरती बांधलेली. म्हणून येत्या सुटींत घरांतील मुलें कोष्टक उघडून बसलीं, म्हणजे त्यांनीं आजी-आजोबांस आधीं तारीख विचारूं नये. वार विचारावा, तो डी रकान्यांत लिहावा, आणि मग यंत्रास त्याचें उत्तर विचारावें. हें काम त्यांच्या हयातींतच होण्यासारखें आहे.